टॉमी लॅव्हेलच्या पबातली थंड खोली

चंद्रहास दळवी यांनी महाराष्ट्र सरकारच्या दारूबंदी खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि मेल्यानंतरचे तीन दिवस आयर्लंडमधल्या एका पबात काढले. यात विनोद आहे असं पुढे अनेकांनी इंद्रनीलला सुचवलं. त्या आठवड्यात तरी त्याला तो सापडला नाही.

इंद्रनील त्यांचा एकुलता मुलगा. मेयो परगण्यात कॅथेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियर, बायको शिवांगी, सात वर्षांची मुलगी, समुद्रकाठच्या गावात भाड्याचं घर. बाबा आले होते फेब्रुवारी २०२०मध्ये, सहा आठवड्यांसाठी. आई, म्हणजे शोभनाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून मिरजेतच राहिल्या. मार्चअखेरचं विमान रद्द झालं. ऑपरेशनही रद्द झालं. मग भारत सरकारने अडकलेल्यांसाठी विमान सोडलं, तेव्हा बाबांच्या छातीत दुखून त्यांना कासलबारच्या इस्पितळात न्यावं लागलं, आणि डॉक्टरने विमानप्रवासाला मनाई केली. अशा रीतीने सहा आठवड्यांचे अकरा महिने झाले आणि १२ जानेवारीच्या मंगळवारी सकाळी, एक मोजा पायात आणि एक हातात असताना, बाबा खुर्चीतल्या खुर्चीत गेले.

कोविड नव्हता. हे सगळ्यांना आधी सांगावं लागे. माणूस कशाने गेला यापेक्षा कशाने गेला नाही याला त्या महिन्यात जास्त महत्त्व होतं.

गावात प्रेतं उचलणारा एकच: टॉमी लॅव्हेल, वय एकाहत्तर. पुढे त्याचा पब आणि मागच्या अंगणात शववाहिनी. ही इकडची जुनी जोडधंद्याची पद्धत आहे. पुढच्या दाराने आत जायचं, यथावकाश मागच्या दाराने निघायचं. त्यातला पुढचा धंदा मार्चपासून बंद होता. सरकारने उन्हाळ्यात असं शोधून काढलं होतं की नऊ युरोचं जेवण मागवणाऱ्या माणसाला पबात विषाणूची बाधा होत नाही. टॉमीला उकडलेल्या अंड्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे सप्टेंबरातले दोन आठवडे सोडले तर कुलूपच. मागचा धंदा मात्र जोरात होता. शेजारच्या वृद्धाश्रमातली तीन माणसं त्याच्या शीतपेटीत होती आणि पेटीत जागा तीनचीच होती.

दहन इथे जवळपास कुठेही होत नाही. अडीच तासांवर शॅननला विद्युतदाहिनी, तिथली वेळ मिळाली शुक्रवारी दुपारी तीनची. घरात जमिनीखालून हीटिंग, वर शिवांगीच्या मीटिंगा आणि मुलीची कॉम्प्युटरवरची शाळा. टॉमी म्हणाला, काळजी नको, पबाच्या मागे थंड खोली आहे, ती त्यासाठीच आहे. इंद्रनीलने हो म्हटलं. मंगळवारी दुपारी तो काय विचारलं तरी हो म्हणत होता.

अडचण संध्याकाळी लक्षात आली. आईने फोनवर रडून झाल्यावर एकच मागणी केली. येता तर येत नाही, निदान शुक्रवारी न्यायच्या आधी व्हिडिओवर दर्शन दे, समोर बसून एक माळ जप करते. एकशे आठ मणी. तेवढं झालं की मी काही मागणार नाही.

आता आईचा सख्खा भाऊ, नरेशमामा, दारूने गेला होता. शेवटी शेवटी तो घरातलं स्पिरिटही प्यायचा. त्याला बेचाळिसाव्या वर्षी पोचवून आल्यापासून मिरजेच्या घरात दारू हा शब्द फक्त खात्याच्या नावात उच्चारला जाई. अशा बाईला सांगायचं की तुझा नवरा, ज्याने हजारभर अड्डे फोडले, तो सध्या पबात झोपवलाय. इंद्रनीलने सांगितलं, फ्युनरल होममध्ये आहेत. इंग्रजीत सांगितलं की बरंच काही सोपं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला फोन ठरला. मिरजेत तेव्हा चार वाजतात. साडेआठलाच इंद्रनील आणि शिवांगी घरातल्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि चिकटपट्ट्या घेऊन पबाच्या दारात उभे राहिले. शिवांगी अलीकडे कपाटाला इथल्यांसारखं 'प्रेस' म्हणते. तिने हॉटप्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, पार रिकामं केलं होतं.

पबाचं नाव पाटीवर 'द अँकर' आणि लोकांच्या तोंडी 'लॅव्हेल्स'. इंद्रनील गावात पाच वर्षं राहिला होता, पण आत कधी गेला नव्हता. ऑफिसातल्या पार्ट्यांना तो शहरात जाऊन प्यायचा, वडील गावात नसतानाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोकं आपटतं. छत इतकं ठेंगणं. टॉमीने सवयीने माफी मागितली आणि सवयीनेच कारणही सांगितलं. हा पब १८३४ साली एका इंग्रजाने बांधला. कोस्टगार्डमधला कॅप्टन, डेव्हनचा. त्याला आपल्या गावच्या समुद्रकाठच्या पबाची इतकी आठवण यायची की त्याने आठवणीतून तसाच्या तसा इथे उभा केला. तिथलं छत ठेंगणं म्हणून इथलंही. स्थानिक माणसाला आत घ्यायचं नाही, हा त्याच आठवणीचा भाग. त्यामुळे अकरा वर्षं गिऱ्हाईक म्हणजे तो आणि दोन शिपाई. देशभर बटाटे कुजून दुष्काळ पडला त्या वर्षी तो वारला आणि त्याच्या घोड्याला खरारा करणारा लॅव्हेल मालक झाला. कसा झाला, यावर टॉमीच्या घराण्यात पावणेदोनशे वर्षं एकमताने मौन पाळलं गेलंय.

थंड खोली पबाच्या मागच्या अंगाला, अर्धी कड्यात खोदलेली. तळघर खणायला खडक आडवा आला, म्हणून कॅप्टनने लोणी आणि मासे ठेवायला ही केली. दार नाही, नुसती कमान. मधोमध कमरेएवढ्या उंचीवर काळ्या स्लेटची अखंड फरशी. पुढे कायदा आला, टॉमी म्हणाला, की समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं प्रेत जवळच्या पबात न्यायचं. मालकाने नाही म्हटलं तर दंड. चौकशीचे पंच बाहेर बारमध्ये बसत, कमानीतून एकदा डोकावत, परत येऊन ग्लास उचलत आणि 'बुडून मृत्यू' असा निकाल देत. १९०७ साली एका होडीतले नऊ जण एकदम आले. दोन फरशीवर, बाकीचे खाली. कुणी ओळख पटवायला आलं नाही ते आठवडाभर राहिले, मग चर्चच्या कोपऱ्यात नावाशिवाय पुरले.

हे सगळं तो अभिमानाने सांगत होता असं नाही. गिऱ्हाइकाला दाखवावं तसं दाखवत होता. फरशीवर पांढरी चादर आणि चादरीवर बाबा होते. अंगात निळा सूट, पुढेमागे मुलीच्या लग्नात लागेल म्हणून घेऊन ठेवलेल्या कापडाचा. मुलगी झालीच नाही, म्हणून मुलाच्या लग्नात घातलेला. चेहरा चांगला होता. टॉमीने दाढी केली होती, आणि भांग बरोबर डावीकडून पाडला होता. इंद्रनीलला वाटलं, याला कसं कळलं. मग वाटलं, अंदाजाने पाडला असेल.

इंद्रनीलने मोबाइल स्टँडवर लावून चाचणी घेतली. कॅथेटरची असो वा वडिलांची, चाचणी तीनदा घ्यायची हे त्याच्या हाताला लागलेलं वळण. वाय-फाय फक्त खोलीच्या मागच्या कोपऱ्यात नीट येत होतं, आणि तिथून बघितलं तर बाबांच्या डोक्यामागे कमानीतून अख्खा बार दिसे: बाटल्यांच्या पाच रांगा, आणि त्यामागे सोनेरी अक्षरांत एका व्हिस्कीचं नाव मिरवणारा छतापर्यंतचा आरसा.

त्याने टॉमीला विचारलं, हे झाकलं तर चालेल का. आरसा आणि आसपासचं सगळंच.

टॉमी त्याच्याकडे बघतच राहिला. मग टोपी काढून हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यातही आरसे झाकतात?"

इथले जुने लोक घरात मयत झालं की आरसे झाकतात, घड्याळ थांबवतात, हे इंद्रनीलला माहीत नव्हतं. पण समोरचा माणूस परवानगी देतोय एवढं कळलं.

"हो," तो म्हणाला. "आमच्यातही असतं."

टॉमीचे डोळे भरून आले. गेल्या दहा महिन्यांत त्याने चाळीसेक माणसं पोचवली होती. बंद पेटीत, दहा माणसांच्या हजेरीत, ना जागरण ना गाणं. आरसा झाकायला कुणी सांगितलं नव्हतं, सख्ख्या आयरिश मुलांनीसुद्धा नाही. आणि हे सांगणारा निघाला भारतातला. तो म्हणाला, इन्स्पेक्टरसाठी सगळं रीतसर करू. इंद्रनीलला क्षणभर प्रश्न पडला की याला इन्स्पेक्टर कुणी सांगितलं. मग आठवलं, फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता.

झाकायला दीड तास लागला, कारण टॉमी प्रत्येक वस्तूचा इतिहास सांगितल्याशिवाय ती झाकू देत नव्हता. आरसा १९११ साली जहाजाने आला, गाडीवरून उतरवताना एक कोपरा तडकला, त्या तडकीवरून दोन चुलतभाऊ आयुष्यभर बोलले नाहीत. काउंटरचं लाकूड फुटलेल्या जहाजाचं. अजून ओल्या हवेत मिठाचा पापुद्रा सुटतो. काउंटरचा डावा अर्धा भाग किराण्याचा, कारण नुसत्या दारूवर पोट भरेल इतकी माणसं गावात कधी नव्हती. तिथे छोटे खण, त्यांवर इनॅमलच्या पट्ट्या: चहा, तांदूळ, सेगो.

"सेगो म्हणजे साबुदाणा?" शिवांगीने विचारलं.

टॉमी म्हणाला, दुधात शिजवायचे, कुणालाच आवडायचा नाही. शिवांगीने त्या खणावर चादर ओढायला जरा वेळ लावला. पूर्ण पबात दाखवण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

दाराजवळ 'स्नग', म्हणजे कपाटाएवढी लाकडी खोली, आतून कडी, बारकडे एक झडप. बायका, पाद्री आणि पोलीस यांनी न दिसता प्यायची जागा. आत बाक, बाकावर उशी. टॉमी म्हणाला, "हे झाकू नका, हे त्यांचं," आणि लगेच नाक शिंकरायला वळला. इंद्रनीलला वाटलं पाद्र्याचं. बिअरच्या दोन नळांना अभ्रे घातले. ते दोन लहान मुलं टोपरी घालून उभी असल्यासारखे दिसायला लागले. टॉमीने घड्याळ थांबवलं.

साडेदहाला फोन लागला तेव्हा फ्रेममध्ये बाबांचा चेहरा, खांद्यांपर्यंत सूट, आणि मागे पांढरंशुभ्र. एखाद्या बऱ्या इस्पितळासारखं. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, हातात माळ. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, दाढी छान केलीय. इंद्रनीलला वाटलं, जमलं.

त्याच वेळी टॉमीने बारची समुद्राकडची खिडकी उघडली. आरसे झाकणारी माणसं आत्म्याला बाहेर जायला खिडकीही उघडत असणार, हे उघड होतं. त्याबद्दल विचारायची त्याला गरज वाटली नाही. अटलांटिकवरून आलेल्या जानेवारीच्या वाऱ्याला मात्र बाहेर जाण्यात रस नव्हता. तो आत आला. चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटली, मग दुसऱ्या, आणि किंग साइजची पांढरी चादर सावकाश, कुणीतरी पाटीचं अनावरण करावं तशी, खाली आली. पाच रांगा बाटल्या. सोनेरी अक्षरं. आरशात स्टँडवरच्या मोबाइलचा उजेड.

इंद्रनीलने स्टँडवरून फोन उपटून हातात घेतला, पण उशीर झाला होता.

"इंद्रा," आई म्हणाली, "टॉमीच्या बाटल्या कशाला रे झाकल्यास?"

वाऱ्याचा आवाज येत होता म्हणून आपल्याला भलतंच ऐकू आलं असं त्याला वाटलं. त्याने विचारलं, तुला टॉमी कसा माहीत. मग आईने, माळ मांडीवर ठेवून, मास्तरणीने सांगावं तसं सगळं सांगितलं. जूनपासून बाबा रोज दुपारी दोन ते चार फिरायला म्हणून निघायचे ते इथेच येऊन बसायचे. टॉमीने किल्ली दिली होती. कपाटाएवढी खोली आहे ना दाराजवळ, त्यात, थर्मासमधला चहा घेऊन, तिथून तिला फोन. बोलण्यासारखं दोघांकडे रोज काय असणार? म्हणून बाबांनी पंचनामा सुरू केला. एकतीस वर्षांची सवय. ते तिकडून सांगायचे, पूर्वेकडील भिंतीस लागून लाकडी फळ्या पाच, त्यावर सीलबंद बाटल्या एकशे त्रेचाळीस, आणि ती इकडे वहीत लिहून घ्यायची, ते नोकरीत असताना त्यांचे पंचनामे पक्के लिहून द्यायची तसं. कॅप्टन, तडकलेला आरसा, साबुदाण्याचा खण, सगळं आहे त्यात. छप्पन्न पानं झाली होती.

"पण बाटल्या..." इंद्रनील म्हणाला.

"तीस वर्षं मुद्देमालाच्या पेट्या आपल्याच माजघरात असायच्या. तुला काय वाटायचं, फिनेल होतं? नरेश प्यायला म्हणून मी काय काचेला भिते?"

त्याने विचारलं, मग मला का नाही सांगितलं कुणी. शिवांगी बाबांच्या पायांशी उभी होती. तिने मान खाली घातली, कारण उत्तर काय येणार हे तिला त्याच्या आधी कळलं.

"तेच म्हणाले, नको सांगू," आई म्हणाली. "घरात तुम्ही दोघं कामात, पोरीची शाळा. बाबांना बसायला जागा नाही म्हणून बाहेर जाऊन बसतात, असं इंद्राच्या मनाला लागेल म्हणाले."

टॉमी कमानीत टोपी हातात धरून उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण आपलं नाव दोन-तीनदा आल्याचं त्याला कळलं होतं आणि तो आदराने मान हलवत होता.

आईने माळ उचलली. पहिला मणी बोटात धरला आणि सोडला.

"एकच विचारते, मग सुरू करते. ती मागची खोली आहे ना तिथं, कड्यातली. काळी फरशी. तिथं नाही ना ठेवलंस त्यांना?"

इंद्रनीलने फोन किंचित वर घेतला.

ती सांगत गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कुठल्याशा तालुक्याला विषारी दारूने माणसं मेली होती, सव्वीस. दवाखान्याच्या आवारात दगडावर ओळीने ठेवली होती आणि नातेवाईक येईपर्यंत बाबांना तिथे यादी घेऊन उभं केलं होतं. सहा जणांना न्यायला कुणी आलंच नाही. "त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आता नोव्हेंबरात ती खोली दाखवली मला फोनवर, तेव्हा बोलले. म्हणाले, शोभना, ही बेवारशांची जागा आहे. मला इथं काही झालं तर कुठंही ठेवा, रस्त्यावर ठेवा, पण असल्या दगडावर ठेवू देऊ नको. इंद्राला सांगून ठेव. मी म्हटलं, दिवेलागणीला अभद्र बोलू नका. आणि मी तरी तुला कसं सांगणार होते रे? चांगल्या चालत्याबोलत्या माणसाबद्दल? मंगळवारी सांगायचं, तर मंगळवारी मला काही सुचलंच नाही. तीन दिवस तेच डोक्यात आहे."

इंद्रनीलने फोन बाबांच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ नेला. फ्रेममध्ये आता कपाळ, मिटलेले डोळे, हनुवटी आणि टायची गाठ. उचलून बाहेरच्या बाकावर ठेवता आलं असतं. तिघांना जमलं असतं. पण त्याने त्या दगडावर गेलेले तीन दिवस उचलले गेले नसते.

"नाही आई," तो म्हणाला. "बाहेरच्या खोलीत बाकावर आहेत. खाली गादी घातलीय."

"जाड आहे?"

उत्तर शिवांगीने दिलं. "जाड आहे, आई. आमच्या घरचीच आणलीय." बोलता बोलता तिने गळ्यातला स्कार्फ काढला आणि बाबांच्या मानेखाली, जिथे चादर सरकून दोन बोटं काळी स्लेट दिसत होती, तिथे खुपसला. तिचा हात मानेला लागला आणि तिने तो पटकन मागे घेतला.

"मग बरं," आई म्हणाली. तिचे खांदे खाली आले. तीन दिवसांत पहिल्यांदा ती नीट टेकून बसली. "बरं केलंस बाबा."

जप सुरू झाला. आई घाईत नव्हती. एकेक नाव पूर्ण घ्यायची, मणी पुढे सरकवायची, आणि नजर स्क्रीनवरून हलवत नव्हती. इंद्रनीलला वाटलं होतं डोळे मिटून करेल. स्टँडवर फोन परत लावला असता तर फरशी दिसली असती, त्यामुळे हात लांब करून, वडिलांच्या चेहऱ्यावर वाकून, तसंच उभं राहणं भाग होतं. विसाव्या मण्याच्या आसपास दंडात कळ आली. तिसाव्याला हात हलायला लागला.

"हलतंय," आई मध्येच थांबून म्हणाली.

"वारा आहे, आई. खिडकी उघडी आहे."

टॉमीला शब्द कळले नाहीत, पण त्याने इंद्रनीलची नजर खिडकीकडे गेलेली पाहिली. तो पाय न वाजवता गेला आणि त्याने खिडकी लावून घेतली. पबात एकदम शांत झालं. इतकं की मिरजेत मण्यावर मणी आपटल्याचं ऐकू येऊ लागलं.

आईने पुढची चार नावं घेतली.

"अजून हलतंय रे."

इंद्रनीलने दुसरा हात पहिल्याच्या मनगटाखाली लावला, दोन्ही कोपर बरगड्यांना आवळले आणि श्वास धरला. आई थांबली होती. चित्र स्थिर होईपर्यंत ती पुढचं नाव घेणार नव्हती.